बर्डी, कामठी आणि एक इअरफोन

माणसाला एक तरी छंद असावा, असे मोठी माणसे नेहमी सांगतात. पण तो छंद कोणी ठरवायचा, हे मात्र ती कधी सांगत नाहीत. माझा अनुभव असा, की छंद आपण निवडत नाही. तोच आपला पत्ता विचारीत विचारीत दारात येऊन उभा राहतो. बर्डीवरच्या मोदी नंबर तीनमध्ये जन्मलेल्या मुलाकडे तो जुन्या कॅसेटी घेऊन येतो, कामठीत जन्मलेल्या मुलाकडे चेंडू घेऊन येतो. तुम्हाला हे आवडते का, असे विचारण्याची पद्धत त्याच्याकडे नाही.

बर्डी म्हणजे सीताबर्डी, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. नागपूरचा माणूस पूर्ण नाव फक्त पाकिटावर लिहितो. एरवी ‘बर्डीवर जाऊन येतो’ म्हटले की घरच्यांना सगळे कळते. चप्पल घ्यायची असो, लग्नाची पत्रिका छापायची असो किंवा नुसतेच व्हरायटी चौकात उभे राहून जग पाहायचे असो, रस्ता एकच. अशा गर्दीच्या ठिकाणी राहणाऱ्याला एक सवय लागते. बाहेरचा आवाज बंद करण्यासाठी तो घरातला आवाज मोठा करतो. आमच्या घरी हे काम आबांनी केले.

आबा म्हणजे माझे आजोबा. एका कचेरीत आयुष्यभर खर्डेघाशी करून निवृत्त झाले. त्यांची खरी मिळकत मात्र बिस्किटांच्या दोन पत्र्याच्या डब्यांत आहे. त्यात कॅसेटी आहेत. काही विकत घेतलेल्या, बऱ्याचशा नागपूर आकाशवाणीवरून भरून घेतलेल्या. त्यामुळे एखाद्या ठुमरीच्या शेवटी निवेदिकेचे अर्धे वाक्यही ऐकू येते. मला लहानपणी वाटे, की ठुमरी अशीच संपते!

या डब्यांत सर्वांत जास्त जागा वसंतराव देशपांड्यांची. त्यांचा जन्म १९२० सालचा, मूर्तिजापूरचा. पण वाढले ते नागपुरात, आणि गाण्याचे पहिले धडे त्यांनी इथेच शंकरराव सप्र्यांकडे गिरवले. पुढे सी. रामचंद्र म्हणून हिंदी सिनेमा गाजवणारे राम चितळकरही याच सप्र्यांचे विद्यार्थी. एका गुरूकडून एक शिष्य मारव्याकडे गेला आणि दुसरा सिनेमाच्या ठेक्याकडे. आबांना ही हकीकत सांगताना जो आनंद होतो, तो मला कोणत्याही परीक्षेच्या निकालाच्या दिवशी त्यांच्या तोंडावर दिसलेला नाही. त्यातून १९६७ साली रंगभूमीवर आलेले ‘कट्यार काळजात घुसली’ लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरही नागपूरचेच. तेव्हा त्या नाटकाला जितेंद्र अभिषेकींनी संगीत दिले आणि त्याचा पहिला प्रयोग नागपुरात झाला नाही, या दोन गोष्टी सोडल्या तर ‘कट्यार’ संपूर्णपणे नागपूरचे आहे, असे आबांचे ठाम मत. त्यांच्याशी या विषयावर वाद घालण्यात अर्थ नाही.

तर अशा घरातून मी २०२२ साली कॉलेजात आलो. पहिल्याच आठवड्यात एका सरांनी ओळखीचा तास घेतला. नाव सांगा, गाव सांगा, आवड सांगा. कोणी क्रिकेट म्हणाले, कोणी ‘ट्रॅव्हलिंग’ म्हणाले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, “नाट्यसंगीत.” वर्गात जी खसखस पिकली, ती मला अपेक्षितच होती. अपेक्षित नव्हता तो शेवटच्या बाकावरून आलेला प्रश्न. त्यात टिंगल नव्हती. खरोखरच विचारावे तसे एकाने विचारले, “ते काय असते बे?”

हा माझा मित्र. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही. तशी त्याची अटच आहे. वर्गात त्याला सगळे कामठीकर म्हणतात, तेच मीही लिहितो.

मधल्या सुट्टीत कामठीकर माझ्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, “ऐकव ना मग.” माझ्या मोबाइलला वायरवाला इअरफोन होता. एक बोंडूक त्याच्या कानात, एक माझ्या. मी वसंतराव लावले. माणसे शास्त्रीय गाणे पहिल्यांदा ऐकताना जसा चेहरा करतात, तसा त्याने केला नाही. तो खाली जमिनीकडे बघत होता आणि त्याचा उजवा पाय हलत होता. वसंतरावांची तान वर जाणार, जाणार असे वाटता वाटता भलत्याच सुरावरून खाली घसरली, तेव्हा तो एकदम माझ्या गुडघ्यावर हात मारून म्हणाला, “अबे, हा माणूस तं ड्रिबलिंग करून राहिला! डावीकडे चाललो असे दाखवते, अन् निघते उजवीकडून!”

मी गेली काही वर्षे वसंतरावांच्या गायकीवरचे जाडजाड लेख वाचत आलो आहे. त्यांच्या गाण्यात दीनानाथ मंगेशकरांच्या गायकीची चमक आहे, मारवा त्यांनी लाहोरला असद अली खाँसाहेबांकडून घेतला, वगैरे. पण ऐकणाऱ्याला चकवणारी त्यांची ती बेधडक फिरत नेमकी काय चीज आहे, हे त्या एका वाक्यात मला जितके कळले तितके त्या लेखांनी कळले नव्हते. घरी येऊन आबांना सांगितले. आबा बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “त्याला घरी आण.”

पण आधी मला कामठीला जायचे होते, कारण आमचा करार तसा ठरला. त्याने माझे एक ऐकायचे, मी त्याचे एक ऐकायचे. आणि गाण्याबरोबर एक सामना.

त्याने मला दिलेले पहिले गाणे वामनदादा कर्डकांचे होते. दीक्षाभूमी आमच्या घरापासून काही लांब नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. दर दसऱ्याच्या सुमाराला लाखो माणसे बर्डीवरून चालत तिकडे जातात, आणि आठवडाभर आमच्या गल्लीपर्यंत गाणी ऐकू येतात. पण चार भोंग्यांतून एकावर एक आदळणारी गाणी ऐकणे वेगळे आणि तेच गाणे एका कानात, एकट्याने ऐकणे वेगळे. भोंग्यातून येते ती गर्दी. कानात आला तो माणूस. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा शाहीर इतक्या साध्या शब्दांत बोलतो, की हे तर आपणही म्हटले असते असे वाटते. मग लक्षात येते, की आपण म्हटलेले नाही. कामठीकराच्या घरी ही गाणी त्याच्या वडिलांची. ते सकाळी दाढी करताना लावतात. प्रल्हाद शिंद्यांचा तो खडा, उघडा आवाज आणि दाढीचा फेस, ही दोन चित्रे आता माझ्या डोक्यात कायमची चिकटली आहेत.

कामठी बर्डीपासून पंधरा-सोळा किलोमीटर. गंमत पाहा, या दोन गावांचे नाते एका लढाईने जोडलेले आहे. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य कंपनी सरकारकडून हरले, आणि त्यानंतर १८२१ साली इंग्रजांनी कामठीला छावणी वसवली. छावणीतल्या गोऱ्या पलटणींनीच पुढे कामठीत फुटबॉल आणला, असे तिथली जुनी माणसे सांगतात. म्हणजे आप्पासाहेब जिंकले असते तर कामठीकर आज क्रिकेट खेळत असता! इतिहासाच्या प्राध्यापकांनी हा निष्कर्ष फार मनावर घेऊ नये.

कामठीत फुटबॉल हा खेळ नाही, तो नातेसंबंध आहे. कोण कोणाचा, हे रब्बानी क्लबच्या सामन्याला कोण कुठे उभा राहतो त्यावरून कळते. मी पहिला सामना पाहिला तो एका साध्या मैदानावर. गवत कमी, माती जास्त. भोवती सायकली, मोटारसायकली, चणेवाला, आणि खुर्च्यांवर बसलेली ती म्हातारी माणसे, जी पूर्वी स्वतः खेळत असत. खरे समालोचन ही म्हातारी मंडळी करतात. हिंदी, उर्दू, मराठी सगळे एकत्र. पोरगा चुकला की त्याच्या बापाचे नाव घेऊन ओरडतात, “तेरा बाप ऐसा पास कभी नहीं देता था!” आणि तो बाप तिथेच दोन खुर्च्या सोडून बसलेला असतो.

कामठीकर उजव्या बाजूने खेळायचा. अंगाने किडकिडीत. पण चेंडू त्याच्या पायात आला, की मैदानाच्या त्या बाजूला माणसे उठून उभी राहायची. मी फुटबॉलमधले काहीच जाणत नव्हतो. तरी तो बचावपटूच्या अगदी अंगावर जाऊन, एक क्षण थांबून, खांदा डावीकडे टाकून उजवीकडून निघून गेला, तेव्हा माझ्या तोंडून नकळत ‘वा!’ निघाले. शेजारच्या चाचांनी माझ्याकडे चमकून पाहिले. मैफिलीत द्यायची दाद मी मैदानावर दिली होती. पण त्यांनीही मान हलवली. मान हलवण्याची पद्धत दोन्हीकडे सारखीच आहे.

हे सगळे वाचून कोणाला ‘झुंड’ आठवेल. आठवावाच. नागराज मंजुळ्यांचा तो सिनेमा ४ मार्च २०२२ ला आला आणि आम्ही दोघांनी तो वेगवेगळ्या थिएटरांत, एकमेकांना ओळखत नसताना पाहिला होता. त्यात अमिताभ बच्चनने उभे केलेले प्राध्यापक म्हणजे आपल्याच नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे. २००१ साली पावसात आडोशाला उभे असताना त्यांना झोपडपट्टीतली मुले एका फुटक्या बादलीला लाथा मारीत खेळताना दिसली आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉल सुरू झाला. त्यांच्या पहिल्या स्पर्धेला १२८ संघ आले होते. या कामाला २०१६ साली ‘फिफा’चा पुरस्कारही मिळाला. त्यानंतर महिन्याच्या आत, १ एप्रिलला, ‘मी वसंतराव’ आला. त्यात नातवाने, राहुल देशपांड्यांनी, आजोबांचे काम केले आणि गायनासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळवला. नागपूरच्या मातीतल्या दोन माणसांवर चार आठवड्यांत दोन सिनेमे! पण माझ्या गल्लीतल्या लोकांनी दुसरा पाहिला आणि कामठीकराच्या गल्लीतल्या लोकांनी पहिला. दोन्ही पाहिलेली माणसे मी शोधतो आहे. आतापर्यंत पाच सापडली. त्यात आम्हीच दोघे धरलेले आहेत.

कामठीकर आमच्या घरी पहिल्यांदा आला तो नोव्हेंबरात, कतारचा विश्वचषक सुरू झाला तेव्हा. आबांनी त्याला समोर बसवून ‘कट्यार’ची गोष्ट सांगितली. राजगायक कोण होणार यासाठी दरबारात गाण्याचा सामना होतो, एका घराण्याचा खाँसाहेब दुसऱ्या घराण्याच्या पंडितजींकडून वर्षानुवर्षे हरत राहतो, जिंकणाऱ्याला खून माफ असलेली कट्यार मिळते. कामठीकर तोंडाचा आ करून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “आबाजी, हे तं डर्बी मॅच हाय. अन् त्या खाँसाहेबाला दर वर्षी सिल्व्हर मेडल!”

आबा इतके हसले, की आजीला आतून बाहेर यावे लागले.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. गेल्या काही वर्षांत आबांना ऐकू येणे कमी झाले आहे. सुरुवातीला तंबोरा गेला, मग तबल्याची बारीक अक्षरे गेली. डॉक्टरांनी कानाचे यंत्र दिले. त्या यंत्रातून माणसांचे बोलणे कळते, पण गाणे पत्र्यावर खडे टाकल्यासारखे वाजते, असे आबा म्हणतात. ज्याने साठ वर्षे दुसरे काहीच केले नाही, त्याला वसंतरावांची तान खड्यांसारखी ऐकू यावी! त्यांनी तक्रार केली नाही. एक दिवस नुसते दोन्ही डबे माझ्या खोलीत आणून ठेवले आणि म्हणाले, “तुझ्याकडे असू दे. मला आता पाठ आहे.”

विश्वचषक पाहायला ते आमच्याजवळ बसले ते केवळ पाहुणा आला आहे म्हणून. पण अर्ध्या तासात ते पुढे सरकून बसले. “याला आवाज लागत नाही,” असे म्हणून त्यांनी स्वतःच रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला. मग आम्ही तो विश्वचषक बिनआवाजाचा पाहिला. आणि सांगतो, करून पाहा. समालोचक गेला की खेळात लय दिसू लागते. विलंबित चालू आहे, आता द्रुत होणार, हे कळू लागते.

आबांना फुटबॉल अगदीच अनोळखी नव्हता, हेही तेव्हा कळले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत चुनी गोस्वामींच्या संघाने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक आणले होते, आणि त्या अंतिम सामन्यात डोक्याला टाके पडलेला जर्नेलसिंग बचावातून पुढे येऊन खेळला आणि त्याने गोल केला, हे त्यांनी घडाघडा सांगितले. कामठीकर थक्क! त्याला रोनाल्डोच्या बुटांचा नंबर माहीत होता, पण जर्नेलसिंग माहीत नव्हता. पुढे २०२४ मध्ये ‘मैदान’ हा सिनेमा आला, तेव्हा तो आबांना म्हणाला, “तुम्ही तं आधीच दाखवला होता मले.”

त्या विश्वचषकात आमच्या घराचा संघ मोरोक्को ठरला. कसा ते सांगता येत नाही. आबांना त्यांचा बचाव आवडला असावा. १० डिसेंबरला मोरोक्कोने पोर्तुगालला १-० ने हरवले. आफ्रिकेतला कोणताही देश याआधी उपान्त्य फेरीपर्यंत पोचला नव्हता. सामना संपल्यावर त्यांचा बूफाल नावाचा खेळाडू आपल्या आईचा हात धरून मैदानावर नाचला. कामठीकराने मोबाइल काढला आणि आपल्या आईला फोन लावला. काय बोलला? “जेवली का?” एवढेच. आणि ठेवून दिला.

त्याची आई मला ‘बाबू’ म्हणते. मी गेलो की आधी जेवायला वाढते आणि मग विचारते, की तुझ्या मित्राचे खरे कसे चालले आहे? कारण घरात तो काही सांगत नाही. त्या घराला फुटबॉलकडून एक आशा होती आणि ती गोलांची नव्हती. चांगला खेळला तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागते. रेल्वे, पोलीस, बँक. कामठीत अशी घरे आहेत, जिथे एका पोराच्या उजव्या पायावर सगळ्या कुटुंबाची पेन्शन उभी राहिली. आपण प्रेक्षक ज्याला ‘खेळभावना’ वगैरे म्हणतो, ती त्या मैदानावर असतेच. पण तिच्याखाली दुसरे एक गणित चालू असते आणि ते खेळणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असते.

२०२४ च्या सुरुवातीला अशाच एका संघाची निवडचाचणी ठरली. त्याच्या अकरा दिवस आधी, सरावाच्या सामन्यात, कोणी धक्का मारलेला नसताना, वळता वळता कामठीकराचा गुडघा फिरला. मी तिथे होतो. त्याने आवाज केला नाही. मातीवर बसून त्याने दोन्ही हातांनी गुडघा धरला, जणू कोणी तो घेऊन जाणार होते. खुर्च्यांवरची म्हातारी माणसे एकदम गप्प झाली. त्यांना डॉक्टरच्या आधी कळले.

आतला लिगामेंट तुटला होता. ऑपरेशन, मग कित्येक महिने व्यायाम, आणि तरीही पूर्वीसारखे वळता येईलच असे नाही. चाचणी होऊन गेली. उजव्या बाजूला दुसरे कोणी लागले.

मला वाटले होते की आता आपले गाणे कामाला येईल. दुःखात संगीत माणसाला सावरते, असे आपण निबंधात लिहीत आलो आहोत. मी त्याच्यासाठी निवडून निवडून यादी केली, मारवा, भैरवी, काय काय. इअरफोन घेऊन कामठीला गेलो. तो पलंगावर पाय लांब करून भिंतीकडे बघत होता. मी बोंडूक पुढे केले तर म्हणाला, “नको बे. गाणं लावलं का पाय हलते.”

यावर काय बोलणार? आम्ही तासभर पंखा ऐकत बसलो. त्याच्या वडिलांनीही त्या दिवसांत सकाळी दाढी करताना गाणी लावणे बंद केले होते. काकू स्वयंपाकघरातून दोनदा येऊन बघून गेल्या.

आबांना मी हे सांगितले. त्यांनी कपाट उघडून सुरेश भटांचा ‘एल्गार’ काढून दिला. ही १९८३ साली आलेली गझलांची वही, आबांनी बर्डीवरच विकत घेतलेली, कव्हर घातलेली. “गाणं नको म्हणतो ना? मग वाचू दे,” एवढेच म्हणाले. भटसाहेबांचे नाव कामठीकराच्या घरात नवे नव्हते. त्यांनी लिहिलेली भीमवंदना त्या घरात सगळ्यांना पाठ आहे. आणि आमच्या घरात त्यांच्या गझला पाठ. एकाच कवीची दोन दारे, एक आमच्या गल्लीत उघडणारे, दुसरे त्याच्या. लहानपणी पोलिओने त्यांचा पाय गेला होता, हे मी त्याला सांगितले नाही. पुस्तकाच्या प्रस्तावनेतून किंवा कुठून तरी त्यालाच ते कळले आणि त्याने मला फोनवर विचारले, “तुले माहीत होतं?” मी हो म्हणालो. “मग सांगितलं काऊन नाही?” मी काही बोललो नाही. तोही नाही. पण फोन त्याने ठेवला नाही, हेही खरे.

‘एल्गार’ चार महिन्यांनी परत आला. पानापानांत बसची तिकिटे खुणेला घातलेली. म्हणजे तोवर त्याने बसने फिरणे सुरू केले होते, हे आम्हाला त्या तिकिटांवरून समजले. आबांनी तिकिटे काढली नाहीत. तशीच आहेत.

आता कामठीकर सकाळी मैदानावर लहान मुलामुलींना शिकवतो. स्वतः धावत नाही. काठावर उभा राहून ओरडतो. त्याचे ओरडणे ऐकून खुर्चीवरचे एक चाचा म्हणाले, की आता हा आमच्यात आला. त्याला ते फारसे आवडले नाही. संध्याकाळी तो बर्डीच्या मेन रोडवर मोबाइलची कव्हरे विकणाऱ्या एका दुकानात काम करतो. तिथल्या स्पीकरवर काय लावायचे, ते मालकाने त्याच्यावर सोपवले आहे. मी मुद्दाम त्या बाजूने जातो. कधी वामनदादा असतात, कधी कुठलेसे इंग्रजी रॅप. वसंतराव त्याने एकदाच लावले. गिऱ्हाईक थांबेना, म्हणून बंद केले, असे त्याने मला प्रामाणिकपणे सांगितले. परवा मात्र एक वयस्क बाई कव्हर घेता घेता थांबल्या आणि विचारू लागल्या, की काल इथे ते कोण गात होते? तेव्हा कळले, की त्याने ते दुसऱ्यांदाही लावले होते.

आणि आबा? आबांना आता सामना पाहायचा असतो, तोही टीव्हीवर नव्हे. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही तिघे कामठीला गेलो. आधी बर्डीच्या इंटरचेंजवरून मेट्रोने ऑटोमोटिव्ह चौक, पुढे ऑटो. मेट्रोचा हा मार्ग २०२२ च्या डिसेंबरातच, आमच्या मोरोक्कोच्या दिवसांत, सुरू झाला. आबा पहिल्यांदाच त्यात बसले होते आणि किल्ल्याची टेकडी इतक्या उंचावरून पाहून त्यांनी दोन स्टेशने कोणाशी बोलणे केले नाही. मैदानावर म्हाताऱ्या मंडळींनी लगेच एक खुर्ची सरकवून दिली. आबांनी यंत्र कानातून काढून खिशात ठेवले. शेजारच्या चाचांना ते माहीत नसल्यामुळे ते सबंध पूर्वार्ध आबांना खेळाडूंच्या बापांची माहिती देत होते आणि आबा न ऐकता योग्य ठिकाणी मान हलवीत होते.

उत्तरार्धात एक गोल पंचाने नाकारला. मैदानावर एकच गिल्ला झाला. आबांनी कामठीकराची बाही ओढली.

“हा गोल का नाही?”

“ऑफसाइड, आबाजी.”

“म्हणजे काय?”

कामठीकराने सांगितले. आबांना ऐकू आले नाही. मग तो खाली बसला, उजवा पाय जपून बाजूला लांब केला, आणि मातीत बोटाने रेघ ओढून, खडे मांडून दाखवू लागला. हा बचाववाला, हा आपला, हा गोलकीपर. आबा खुर्चीतून वाकून पाहत होते. सामना संपला, माणसे पांगली, चणेवाल्याने टोपली उचलली, तरी त्यांचे खडे इकडून तिकडे सरकतच होते. कारण आबांचे म्हणणे असे, की पास देणाऱ्याच्या मनात तो खडा कुठे होता ते पाहिले पाहिजे. आणि कामठीकर सांगत होता, “आबाजी, मनातलं नाही धरत हो, पायातलं धरते!”

मी ऑटो थांबवायला रस्त्यावर गेलो.